चेंडू मागे जाऊ दे

शिकागोत ऑक्टोबर सरला की माझी टेनिसची बॅग थेट एप्रिलपर्यंत कपाटात जायची. इनडोअर कोर्टाचं तासाचं भाडं बघून पोटात गोळा येतो. मागच्या हिवाळ्यात शेजारीण म्हणाली, पॅडल खेळायला चल. प्लॅटफॉर्म टेनिसला इकडे नुसतं पॅडलच म्हणतात.

शिकागोजवळच्या विनेट्का गावातलं ते कोर्ट पाहून मला हसूच आलं. जमिनीपासून उचललेला ॲल्युमिनियमचा ओटा, भोवती बारा फूट उंच तारेची जाळी. खुराडंच म्हणा ना! ओट्याखाली हीटर असतात, त्यांनी बर्फ वितळतो. ओट्याच्या रंगात खरखरीत कण मिसळलेले, म्हणून पाय घसरत नाही. पडलात तर गुडघा मात्र सोलवटून निघतो. खेळायची जागा 44 बाय 20 फूट, म्हणजे टेनिस कोर्टाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. मनात म्हटलं, हे काय, सहज जमेल.

कसलं जमतंय! खेळायच्या बॅटलाही पॅडलच म्हणतात; त्या भोकाभोकांच्या पॅडलला तारा नाहीत, चेंडू भरीव रबरी. मी जीव खाऊन मारलेला फोरहँड टप्पा पडून मागच्या जाळीवर आदळायचा, तिथून उसळून अलगद समोरच्या आजींच्या पॅडलवर. टप्प्यानंतर जाळीला लागून आलेला चेंडू इथे खेळता येतो ना! जितक्या जोरात मारावं तितका त्यांना सोपा. वय सत्तरीच्या पुढचं, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि एकामागून एक लॉब, म्हणजे डोक्यावरून जाणारे उंच फटके. सर्व्ह एकच मिळते, टेनिससारखी दुसरी नाही. पहिलीच जोरात मारायची माझी सवय पहिल्या दिवशी चार गेम घेऊन गेली.

सगळ्यात अवघड गेलं ते चेंडूला मागे जाऊ देणं. टेनिसमध्ये डोक्यावरून गेला तो गेला, म्हणून मी दर वेळी उलट्या पावलांनी धावत हवेतच पॅडल घालायचे. "सोड, सोड!" शेजारीण ओरडायची. नुसतं वळायचं, गुडघे वाकवायचे, जाळीवरून येईपर्यंत थांबायचं आणि खालून उचलून लॉब द्यायचा. कोपऱ्यात दोन्ही जाळ्यांना लागला की कुठे येईल ते अजून मला नीट कळत नाही.

1928 साली न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेलमध्ये कॉग्सवेल आणि ब्लँचर्ड या दोघांनी हिवाळ्यात खेळता यावं म्हणून हे सुरू केलं. चेंडू बाहेर जाऊ नये म्हणून जाळी बांधली, ती पुढे खेळातच आली.

फेब्रुवारीत एकदा त्या आजींचे सलग सहा लॉब मी परतवले. सातवा सोडला नाही, हवेतच मारला. नेटमध्ये.