फाशीतून सुटला, नोटेवर बसला

लेकीकडे सिडनीला दोन महिने होते. पहिला आठवडा ऑपेरा हाऊस, बाँडी बीच, परत ऑपेरा हाऊस यात गेला. मग एका बुधवारी ती ऑफिसला गेल्यावर मी एकटीच ट्रेन पकडून सेंट जेम्स स्टेशनवर उतरले. बाहेर आलं की समोरच मॅक्वारी स्ट्रीटच्या टोकाला हाइड पार्क बॅरॅक्स, म्हणजे कैद्यांची जुनी बराक, आता संग्रहालय. तीन मजली, विटांची, त्रिकोणी माथ्याची इमारत. माथ्यावर घड्याळ आणि त्यासोबत गव्हर्नर मॅक्वारीचं नाव, 1817 साल. घड्याळ बनवणारा जेम्स ओटली कैदी. इमारतीचा आराखडा काढणारा कैदी. आत राहणारे तर कैदीच.

हा आराखडा काढणारा फ्रान्सिस ग्रीनवे. ब्रिस्टलजवळच्या गवंड्यांच्या घराण्यातला. धंद्यात 1809 साली दिवाळं वाजलं. मग एका घराच्या कंत्राटाच्या कागदावर खोटा मजकूर घालताना पकडला गेला. मित्रांच्या सल्ल्याने 1812 मध्ये गुन्हा कबूल केला आणि शिक्षा झाली फाशीची. तेव्हाच्या इंग्लंडात खोटा कागद करणाऱ्याला थेट फाशीची शिक्षा होती. नशिबाने ती कमी होऊन 14 वर्षांची हद्दपारी झाली. आपण ज्याला काळं पाणी म्हणतो तेच, फक्त इथे पाणी फार लांबचं होतं. 1814 च्या फेब्रुवारीत त्याचं जहाज सिडनीला लागलं. त्याच वर्षी जुलैत मागोमाग बायको मेरी आणि तीन मुलंही आली. माझं तिकडेच लक्ष अडकलं. नवऱ्याच्या बातम्या सगळीकडे छापून येतात, पण तीन पोरांना घेऊन त्या बोटीत चढलेल्या मेरीबद्दल दोन ओळी मिळणं मुश्कील.

गंमत म्हणजे मॅक्वारी आपल्याकडचाच निघाला. म्हणजे 1788 साली तो सैन्यातून मुंबईला आला होता, पहिलं लग्नही त्याने मुंबईतच 1793 मध्ये केलं. पुढे हा गृहस्थ सिडनीत गव्हर्नर झाला आणि त्याला चांगल्या इमारती हव्या होत्या. आर्किटेक्ट कुठून आणणार? कैद्यांच्या जहाजातून. 1816 मध्ये ग्रीनवेला सरकारी आर्किटेक्ट नेमलं. पहिलं मोठं काम साउथ हेडचं दीपगृह. ते आवडलं म्हणून अटींवर माफी, आणि 1819 मध्ये बॅरॅक्स पूर्ण झाल्यावर पूर्ण माफी.

आत गेले. कानात हेडफोन, त्यातून एकेकाची कहाणी. वरच्या मजल्यावर लाकडी चौकटींना टांगलेल्या झोपायच्या कापडी झोळ्या, एकीला एक खेटून. 600 माणसांसाठी बांधलेल्या जागेत पुढे कधी कधी 1400 जण कोंबले जात. म्हणजे आपली संध्याकाळची डोंबिवली लोकल, पण रात्रभर. आधी कैदी गावातच भाड्याने राहत, दुपारी सरकारी काम संपलं की बाहेर मजुरी करून चार पैसे कमवत. बॅरॅक्स झाल्यावर ते गेलं. इतकी देखणी इमारत ही खरं तर मोकळ्या फिरणाऱ्यांना वेसण घालायला बांधलेली आहे, हे कळल्यावर ती मला थोडी कमी देखणी वाटली.

सगळ्यात जास्त वेळ मी उंदरांपाशी थांबले. हो, उंदीर. फळ्यांखाली त्यांनी बिळं करून कापडाचे तुकडे, दोरे, कागद ओढून नेले आणि तिथल्या कोरड्या हवेत ते टिकून राहिले. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक कैद्याचा सदरा त्यातच सापडला. 1848 नंतर इथे इंग्लंड-आयर्लंडहून येणाऱ्या मुलींचं वसतिगृह होतं, त्यांच्याही वस्तू उंदरांनी जपल्या आहेत. सरकारी दप्तरांपेक्षा उंदीर बरे!

ग्रीनवे मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. एका कॅप्टनने चाबूक चालवला तर या कैद्याने त्याच्यावर दावा ठोकला आणि भरपाईही मिळवली. पुढे लंडनहून चौकशीला आलेल्या बिगसाहेबाला सिडनीतला इतका खर्च, इतकी शोभा मंजूर नव्हती. मॅक्वारी मायदेशी परत गेला आणि 1822 मध्ये ग्रीनवेची नोकरीही गेली. 1837 मध्ये तो ईस्ट मेटलंडजवळ जवळजवळ कंगाल अवस्थेत वारला.

दुसऱ्या दिवशी फेरीबोटीने वॉटसन्स बेला जाऊन साउथ हेडचं ते दीपगृह बघून आले. वारा असा, की ओढणी सांभाळू की मोबाईल. तिथे पोहोचल्यावर कळलं की हे ग्रीनवेचं नव्हेच. त्याला मिळालेला दगड कच्चा निघाला, भिंती झिजायला लागल्या, म्हणून 1883 मध्ये शेजारी जवळपास तसंच दुसरं उभं केलं आणि जुनं पाडलं. थोडक्यात, खोट्या कागदासाठी शिक्षा झालेल्याच्या कामाची नक्कल.

संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, त्याची नोट बघितलीस का?" जुन्या नोटा-नाण्यांच्या एका दुकानात घेऊन गेली. 1966 साली ऑस्ट्रेलियाने डॉलर आणला तेव्हा पहिल्या दहाच्या नोटेवर एका बाजूला कवी हेन्री लॉसन आणि दुसऱ्या बाजूला चक्क ग्रीनवे. बनावट कागदासाठी फाशीची शिक्षा झालेला माणूस देशाच्या नोटेवर! आणि त्याच वर्षी, नाताळच्या आसपास, नेमक्या याच दहाच्या नोटेच्या खोट्या नोटा बाजारात आल्या. त्या फटक्यातूनच पुढे प्लॅस्टिकच्या नोटांचा खटाटोप सुरू झाला.

दुकानदाराने नोट काचेवर ठेवली. मी ती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "ही खरी आहे ना?"

तो हसला नाही. भिंग काढून त्याने ती परत एकदा तपासली.