डेव्हिल्स टॉवर, जून महिना आणि एक साधी विनंती

न्यू जर्सी ते ओरेगनचा किनारा, गाडीत तंबू टाकून, एकटीने. हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "एकटी बाई रानात तंबूत झोपणार? भीती नाही वाटत?" उत्तर आधीच देऊन टाकते. कॅम्पग्राउंडवर मला एकदाही भीती वाटली नाही. भीती वाटली ती शिकागोजवळ, दोन्ही बाजूंनी अठरा चाकी ट्रक घुसत होते तेव्हा.

कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी तंबू उलगडायला घेतला की शेजारच्या साइटवरून कोणीतरी उठून येतं आणि न विचारता दुसरं टोक धरतं. रात्री दहानंतर आवाज बंद. जंगलखात्याच्या छोट्या कॅम्पग्राउंडवर तर पैसे घ्यायलाही माणूस नसतो. फट असलेला एक लोखंडी खांब असतो. पाकिटात नोटा घालायच्या, वर साइटचा नंबर लिहायचा, चिठ्ठी फाडून आपल्या साइटवर अडकवायची आणि पाकीट फटीत सोडायचं. कोणी बघत नसतं, तरी लोक पैसे टाकतात. जळणाचं लाकूड लांबून आणू नका, जिथे जाळायचं तिथलंच घ्या, असं जागोजागी लिहिलेलं असतं, कारण ॲशची झाडं मारणारा हिरवा किडा लाकडाच्या मोळीतून प्रवास करतो. हा किडा 2002 साली मिशिगनमध्ये पहिल्यांदा सापडला आणि त्यानंतर त्याने निम्म्या देशातली झाडं पोखरली. तुमच्या डिकीत कुठलं लाकूड आहे हे तपासायला कोणी येत नाही. हे सगळं जग सांगितलेलं ऐकणाऱ्या माणसांवर चालतं आणि मला ते फार आवडतं. म्हणूनच वायोमिंगमध्ये जे पाहिलं त्याने मी इतकी अस्वस्थ झाले.

पेनसिल्व्हेनियापासून मिनेसोटापर्यंत मका, सोयाबीन आणि टोलनाके. साउथ डकोटात मिसुरी नदी ओलांडली आणि देश बदलला. शेतं संपली, गवत सुरू झालं, आकाश एकदम रुंद झालं. रस्त्याकडेला वॉल गावातल्या दुकानाच्या पाट्या मैलोन् मैल सोबत करतात: बर्फाचं पाणी फुकट, कॉफी पाच सेंट. 1930च्या दशकात, मंदी ऐन भरात असताना, त्या दुकानाने तहानलेल्या प्रवाशांना फुकट पाणी द्यायला सुरुवात केली आणि ते अजून देतात. मी प्याले. गार होतं.

बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानात मुद्दाम सेज क्रीक कॅम्पग्राउंडला राहिले. खडीच्या रस्त्याने आत जावं लागतं, पाण्याचा नळ नाही, आरक्षण नाही, पैसे नाहीत. वाऱ्याने रात्रभर तंबू थोबाडला. पहाटे वारा पडला आणि अगदी कानाशी चर्र, चर्र असा आवाज यायला लागला. चेन दोन बोटं उघडून पाहिलं तर एक बायसन, तिथला रानगवा, गवत उपटत होता. जिभेने झुपका ओढायचा, मान झटकायची, चर्र. त्याच्या खांद्यावरची हिवाळी लोकर गळत होती, तिच्यात काड्या अडकल्या होत्या आणि एक छोटा पक्षी खुशाल पाठीवर बसला होता. बायसनपासून लांब राहावं असा नियम आहे. त्या बायसनला तो सांगायची सोय नव्हती, म्हणून मी श्वास धरून पडून राहिले. तासाभराने तो ओढ्याकडे निघून गेला.

बॅडलँड्सचे हे पट्ट्यापट्ट्यांचे सुळके वर्षाला साधारण एक इंच झिजतात. झिजतात म्हणून आतली हाडं वर येतात. 2010 साली एका सात वर्षांच्या मुलीला व्हिजिटर सेंटरच्या जवळच असं काही दिसलं. तिने ते उकरलं नाही, रेंजरला जाऊन सांगितलं. ती तलवारीसारखे सुळे असलेल्या, मांजरासारख्या प्राचीन प्राण्याची कवटी निघाली. या उद्यानातली सगळ्यात सुंदर गोष्ट मला हीच वाटते.

पुढे ब्लॅक हिल्स. 1868च्या फोर्ट लॅरामी कराराने हे डोंगर इथल्या मूळ रहिवासी लाकोटा लोकांचे ठरले होते. 1874 साली सोनं सापडलं आणि 1877 साली सरकारने ते काढून घेतले. शंभरावर वर्षांनी, 1980 साली, सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मंजूर केली. दहा कोटी डॉलरच्या वर रक्कम होती. लाकोटांनी ती आजवर उचललेली नाही, त्यांना डोंगर हवेत. हे वाचून मी डेव्हिल्स टॉवरला पोचले, त्यामुळे नजर आधीच बदललेली होती.

टॉवर वायोमिंगच्या ईशान्य कोपऱ्यात आहे. मोकळ्या कुरणात, नदीच्या वळणाशी, पायथ्यापासून 867 फूट सरळ वर गेलेला एकच खडक. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी शिलारस जमिनीखाली थंड होताना आकसला आणि त्याचे पाच-सहा बाजूंचे लांबच लांब खांब झाले. वरची माती पुढे नदीनाल्यांनी धुऊन नेली. जवळून पाहिलं तर खांबांवर शेवाळासारखे पोपटी, पिवळट डाग आहेत, लायकेनचे, आणि पायथ्याशी कधीतरी कोसळलेल्या खांबांचे मोटारीएवढे तुकडे पडलेत. 1906 साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी याला देशातलं पहिलं राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. पण वीसपेक्षा जास्त मूळ रहिवासी जमातींसाठी ही जागा त्याच्या कितीतरी आधीपासून पवित्र आहे.

खडकाभोवती साधारण सव्वा मैलाची पायवाट आहे, पाँडेरोसा पाइनच्या सावलीतून जाणारी. या झाडांच्या फांद्यांना कापडं बांधलेली असतात. लाल, पिवळी, पांढरी, काळी. काही नुसत्या पट्ट्या, काही छोट्या पुरचुंड्या. काही नवी कोरी, काही उन्हाने विटून दोऱ्यापुरती उरलेली. नवसाच्या झाडाला बांधलेल्या चिंध्या पाहत लहानाची मोठी झालेल्या कोणालाही तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. पाटी आहेच: या प्रार्थना आहेत, हात लावू नका.

वळणावर एक आजी आणि तिचा दहा-बारा वर्षांचा नातू कापड बांधत होते. मुलाचा हात फांदीला पुरत नव्हता, आजीने फांदी वाकवून धरली होती. मी मागेच थांबले. झाल्यावर आजीने माझ्याकडे पाहून मान हलवली, मीही हलवली, ते निघून गेले. इतकंच.

पाच मिनिटांनी मागून एक माणूस आला. गळ्यात चांगला मोठा कॅमेरा. त्याने ती नुकतीच बांधलेली लाल पट्टी दोन बोटांत धरली आणि उजेडाकडे वळवली, मागे टॉवर नीट यावा म्हणून. मी म्हटलं, "प्लीज, हात लावू नका. पाटी आहे तिथे." तो चिडला नाही, हसूनच म्हणाला, "मी काही काढून नेत नाहीये. आणि हा पब्लिक पार्क आहे." फोटो काढला आणि गेला. पट्टी पिळवटलेली राहिली. ती सरळ करावी असं फार वाटलं. पण हात लावू नका हे मलाही लागू होतंच.

मी बाकावर बसले आणि वर पाहिलं तर कातळात दोन ठिपके हलत होते. एक निळं हेल्मेट, एक नारिंगी. जून महिना होता.

टॉवरवर चढणं हा अमेरिकेतल्या प्रस्तरारोहकांचा मोठा मानाचा विषय आहे. 1893 साली चार जुलैला दोन स्थानिक माणसं भेगेत लाकडी खुंट ठोकून, त्यांची शिडी करून पहिल्यांदा वर गेली. त्या शिडीचा काही भाग अजून दिसतो. जून हा जमातींच्या समारंभांचा महिना, म्हणून 1995पासून उद्यान चढणाऱ्यांना विनंती करतं की या एका महिन्यात चढू नका. यात सक्ती नाही, दंड नाही. उरलेले अकरा महिने कातळ तुमचाच आहे.

आणि त्याच माहितीफलकावर दुसरी ओळ: ससाण्यांची घरटी असलेले काही मार्ग वसंतापासून पिल्लं उडेपर्यंत बंद. ही विनंती नाही, बंदी आहे. पक्ष्यासाठी नियम आहे आणि तो हवाच, त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण हजारो वर्षं इथे येऊन प्रार्थना करणाऱ्या माणसांच्या वाट्याला फक्त 'कृपया' यावं, हे मला तिथे बसल्या बसल्या फार लागलं. जूनमध्ये व्यावसायिक गाइडना बंदी घालायचा प्रयत्न झाला होता, तो कोर्टात टिकला नाही. सरकारने एका धर्माची बाजू घेऊ नये हा तिथला कायदा आहे आणि त्यामागचं कारण मला समजतं. पण कायद्याने अडवता येत नाही तिथे माणसाने स्वतःहून थांबायचं असतं, आणि बहुतेक जण थांबतातही. त्या संध्याकाळी शेजारच्या साइटवर कोलोरॅडोची दोन मुलं होती, दोर, कॅरॅबिनर सगळं गाडीत. ती टॉवर चढायलाच निघाली होती. इथे आल्यावर रेंजरकडून कळलं, तेव्हा दोर तसेच ठेवले, पायवाटेने फेरी मारली आणि सकाळी दुसऱ्या कातळाकडे निघाली. "जुलैत येऊ परत," म्हणाली. किती सोपं होतं!

कॅम्पग्राउंड टॉवरच्या खालीच आहे, बेल फूर्श नदीकाठी कॉटनवुडच्या झाडांत. बाजूला प्रेअरी डॉगचं, म्हणजे बिळात राहणाऱ्या खारीसारख्या प्राण्यांचं, अख्खं गाव, दिवसभर त्यांची चिवचिव. अंधार पडल्यावर रेंजरने कायोवा लोकांची गोष्ट सांगितली. सात मुलींच्या मागे अस्वल लागलं, त्या एका खडकावर चढल्या, खडकाची विनवणी केली, खडक वाढत गेला. अस्वलाने उड्या मारून नखांनी ओरबाडलं ते हे उभे चरे. मुली आकाशात पोचल्या आणि तारे झाल्या. कोणते तारे, तर आपल्या कृत्तिका. जूनअखेरीस कृत्तिका पहाटे उगवतात हे माहीत होतं, म्हणून साडेतीनचा गजर लावला. ईशान्येच्या कड्यावर तो झुबका यायला चार वाजले, तोवर आकाश फिकटायला लागलं होतं. पाठीमागे टॉवर, समोर त्या मुली. आमच्याकडे याच तारका कार्तिकेयाला वाढवणाऱ्या आया आहेत, हे सांगायला त्या वेळी कोणीतरी जागं असायला हवं होतं.

मी तिथे ठरवलं होतं त्याहून जास्त राहिले आणि पुढच्या मुक्कामांची छाटणी केली. बिगहॉर्न पर्वतातलं मेडिसिन व्हील, दगडांचं 28 आऱ्यांचं चक्र, वाऱ्यात कुडकुडत पाहिलं. तिथेही कुंपणाला कापडं होती आणि तिथे कोणी हात लावताना दिसलं नाही. यलोस्टोनबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सगळ्यात आठवतं ते ग्रँड प्रिझमॅटिक या गरम झऱ्याच्या पार्किंगसाठी इंजिन चालू ठेवून थांबलेल्या गाड्यांची रांग. पण झऱ्याकाठचा तो केशरी रंग सूक्ष्म जीवांचा आहे, आणि इथल्याच एका गरम झऱ्यातून 1966 साली सापडलेल्या जिवाणूच्या एन्झाइमवर पुढे पीसीआर चाचणी उभी राहिली, हे कळल्यावर मी त्या गर्दीतही लाकडी पुलावर बराच वेळ ओणवी उभी होते. आयडाहोत क्रेटर्स ऑफ द मूनला काळ्या लाव्ह्यात मुक्काम केला. अपोलोचे अंतराळवीर 1969 साली दगड ओळखायला शिकण्यासाठी इथे आले होते. क्रेटर लेक निळं आहे हे ऐकलं होतं, इतकं निळं असेल याची कल्पना नव्हती. तिथल्या डासांबद्दल मात्र कोणीच सांगितलं नव्हतं.

ओरेगनच्या किनाऱ्यावर पोचले तेव्हा एकही साइट रिकामी नव्हती. तिथली आरक्षणं सहा महिने आधी उघडतात आणि उन्हाळ्यातली लगेच संपतात. यलोस्टोनमध्येही आता जवळजवळ सगळं आरक्षणावर गेलंय. गर्दी वाढली, इलाज नसेल, मान्य. पण एखादी जागा आवडली म्हणून एक रात्र जास्त राहायचं, हे अशाने संपत चाललंय, आणि टॉवरपाशी मला ते करता आलं नसतं तर हा सगळा प्रवास फोटोंपुरता उरला असता. शेवटी जंगलखात्याच्या एका आडबाजूच्या कॅम्पग्राउंडवर जागा मिळाली. लोखंडी खांब, पाकीट, सुट्या नोटा.

परत आल्यावर आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधल्या एकाने फोटो पाहून लगेच विचारलं, "पुढच्या जूनमध्ये जमवायचं का? चढूया टॉवर." मी त्याला एक जुलैनंतरच्या तारखा पाठवल्या आहेत.