टायरांना पॉलिश मारलं आणि टायरच हरवले

टायर हंगामापुरते ठेवायला द्यायचे असतील तर त्यांना काहीही लावू नका. पॉलिश नको, जेल नको, 'रबराचं आयुष्य वाढवतं' असं बाटलीवर छापलेलं काहीही नको. साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडे करा, देऊन टाका. हे एवढं समजायला मला एकोणीस दिवस आणि वर्कशॉपच्या चार खेपा लागल्या. राग अजून पुरता उतरलेला नाही, तेव्हा थोडं पाल्हाळ सहन करा.

आम्ही जर्मनीत, श्टुटगार्टला राहतो. इथे गाडीला चाकांचे दोन संच लागतात, उन्हाळी आणि हिवाळी. लोक 'ओ ते ओ' म्हणतात: ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. आमच्या घरी त्याचं 'दसरा ते पाडवा' झालंय आणि ते चुकत नाही. कायद्यात तारीख दिलेली नाही. रस्त्यावर बर्फ किंवा निसरडा हिमथर असेल तर हिवाळी टायर हवेत, नसतील तर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या नोंदवहीत, म्हणजे वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांच्या सरकारी यादीत, एक पॉइंट. थंडी सात अंशांच्या खाली गेली की उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं असा ठोकताळा आहे, त्यामुळे शहाणी माणसं बर्फाची वाट बघत बसत नाहीत.

प्रश्न असतो जागेचा. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, तळघरातली खोली म्हणजे लाकडी फळ्यांचा कप्पा, आणि भिंतीपलीकडे अख्ख्या इमारतीचा बॉयलर. रबराला उष्णता चालत नाही, ऊन चालत नाही, पेट्रोल-तेल चालत नाही. विजेच्या मोटरीजवळ ओझोन तयार होतो, तोही चालत नाही. मग उरतं ते टायर-हॉटेल. हो, इथे त्याला हॉटेलच म्हणतात. हंगामाचे पन्नास-पंचावन्न युरो मोजायचे, वर्कशॉपवाले एक संच काढून दुसरा बसवतात आणि काढलेला आपल्या गोदामात नेऊन ठेवतात. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

एप्रिल २०२४ मध्ये मला अक्कल सुचली. भातकापणी झाली की आजोबा विळे-कोयते घासूनपुसून, तेलाचं बोट फिरवून माळ्यावर टाकायचे. लोणच्यावर तेलाचा थर हवाच. मग सहा महिने अंधारात पडून राहणाऱ्या टायरांना कोरडं का ठेवायचं? दुकानातून चकाकी देणारा सिलिकॉनचा स्प्रे आणला आणि चारही हिवाळी चाकांवर सढळ हाताने मारला. टायर असे चमकले की वर्कशॉपला जायच्या आधी जमिनीवर ओळीने मांडून फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकले. बाबांनी विचारलं, "नवे घेतलेस की काय?" मी फुशारलो. हे फोटो लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

त्या उन्हाळ्यात आम्ही एसलिंगेनहून श्टुटगार्टला घर बदललं. जेमतेम पंधरा किलोमीटर. इथे जिल्हा बदलला तरी जुनी नंबरप्लेट ठेवता येते, २०१५ पासून. पण बायकोला लग्नाच्या तारखेचा नंबर हवा होता, त्याचे वेगळे १०.२० युरो. भरले. प्लेटवर एसलिंगेनच्या 'ईएस'ची गाडी श्टुटगार्टच्या 'एस'ची झाली. वर्कशॉपला कळवायचं डोक्यातही आलं नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी साडेसात. ही वेळ मी सप्टेंबरातच घेऊन ठेवली होती, कारण या दिवसांत अख्खं गाव चाकं बदलायला निघतं. काउंटरवरच्या गृहस्थांनी नंबर टाइप केला, भुवया वर केल्या आणि म्हणाले, "तुमचे टायर आमच्याकडे नाहीत." मी म्हटलं, आहेत. ते म्हणाले, "सिस्टीममध्ये नाहीत." जर्मनीत हे वाक्य ऐकलं की वाद संपलेला असतो. मागे पाच जणांची रांग. वीस मिनिटांनी, पार्किंगमध्ये येरझारा घालताना, प्लेटकडे बघून ट्यूब पेटली. धावत आत गेलो, जुना नंबर सांगितला. "आहेत. गोदामात. पण आज आणलेले नाहीत, कारण या नंबराची आज वेळच नाही." गोदाम गावाबाहेर. गुरुवारी या.

गुरुवारी गेलो. फळीचा क्रमांक बरोबर होता आणि फळी रिकामी होती. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "नवीन संच घेता का? या आठवड्यात सवलत आहे." त्या क्षणी माझ्या तोंडात जे आलं ते मराठीत होतं, हे माझं नशीब.

शुक्रवारी १ नोव्हेंबर, सर्व संतांची सुट्टी. मग शनिवार-रविवार. सोमवारी फोन उचलला नाही, मंगळवारी उचलला आणि 'चौकशी चालू आहे' एवढं कळलं. माझी नोकरी रॉयटलिंगेनला, आल्बच्या डोंगरांच्या पायथ्याशी. सकाळी काचेवर दहिवर गोठलेलं दिसलं की मी गाडी सोडून रेल्वेने जायचो. घरातून निघायची वेळ सातवरून सहावर आली. माझा सगळा रोख एकाच गोष्टीवर होता: त्यांच्याकडे माझा फोन नंबर होता, ईमेल होता, आणि माझी चाकं बेवारस झाली तेव्हा एकालाही फोन करावासा वाटला नाही.

बेवारस कशी झाली ते तिसऱ्या खेपेला कळलं. गोदामात टायरच्या कडेवर चिकटपट्टीचं लेबल लावतात. माझ्या चाकांवरची चारही लेबलं गळून पडली होती. ठेवताना खडूने 'पुढचं डावं, मागचं उजवं' अशा खुणा करतात, त्याही उमटल्या नव्हत्या. जुलैच्या मोजणीत बिननावाची चाकं म्हणून त्यांना कोपऱ्यात ढकललं गेलं. गोदामातल्या माणसाने पाठवलेला फोटो गृहस्थांनी मला दाखवला: टायरची धूळ खाऊन करडी पडलेली कड, त्यावर लेबलाच्या आकाराचा एक काळाभोर, तुकतुकीत चौकोन. "याच्यावर काय लावलं होतं तुम्ही?" मी गप्प.

बरं, ती माझीच कशावरून? माप २०५/५५ आर १६. हे माप इथे घराघरात आहे, आणि बिननावाच्या संचांपैकी सहा त्याच मापाचे निघाले. "मालकीचा काही पुरावा?" पावतीवर कंपनी आणि माप, बास. संध्याकाळी बायको म्हणाली, "अरे, तू ग्रुपवर फोटो टाकले होतेस ना?"

फोटो मोठे करून बघितले. टायरच्या कडेवर डॉट या अक्षरांनंतर आकडे असतात, त्यातले शेवटचे चार म्हणजे कितव्या आठवड्यात आणि कुठल्या साली टायर बनला. तीन टायरांवर ३८२१, म्हणजे २०२१ चा अडतिसावा आठवडा. चौथ्यावर ४०२२, कारण एक टायर खिळ्याने गेला होता आणि नंतर एकटाच घेतला होता. तीन सख्खे आणि एक सावत्र असा संच सहांत एकच निघाला. अर्ध्या पानाचा 'ही चाकं माझीच आहेत' असा फॉर्म भरून घेतला, सही घेतली, आणि १६ नोव्हेंबरला चाकं गाडीला लागली. ज्या मिरवण्याने घालवली त्यानेच परत आणली, याचा आनंद मानायचा की लाज, हे अजून ठरलेलं नाही. वर्कशॉपने दिलगिरी म्हणून कॉफी दिली. यंत्रातली.

चाकं परत आली तेव्हा कडा तपकिरी पडल्या होत्या. आधी वाटलं, स्प्रेने जळल्या. नुसतं तसं नव्हतं. ओझोनने भेगा पडू नयेत म्हणून टायरच्या रबरात रसायनं आणि मेण कारखान्यातच घातलेलं असतं. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि हवा लागली की तपकिरी दिसतं. म्हणजे आजोबांचं तेलाचं बोट टायरला आधीच आतून लावलेलं आहे! पेट्रोलियमच्या द्रावकात कालवलेले स्प्रे हेच संरक्षण धुऊन काढू शकतात. लोखंड आणि रबर यांची जात वेगळी, हे मला विळ्यांच्या माळ्यावरून खाली उतरल्यावर कळलं.

मग पॉलिश की कोटिंग? यंदाच्या पाडव्यानंतर उन्हाळी टायरांवर दोन्ही करून बघितलं. पाण्यात बनवलेलं ड्रेसिंग, म्हणजे टायरचं पॉलिशच, सौम्य असतं, हाताला बुळबुळीत लागत नाही, काळा पण शांत रंग देतं आणि दोन-तीन पावसांत उतरतं. सिलिकॉनचं जेल आरशासारखं चमकतं, पण गाडी निघाली की त्याचे थेंब उडून दारावर तपकिरी ठिपक्यांची रांग लागते, आणि धूळ तर त्यावर पिठासारखी बसते. कोटिंग वेगळं: रबराला धरून वाळणारा पातळ थर, काही महिने टिकतो. पण ते फक्त नागड्या, स्वच्छ रबरावर बसतं. खाली जुनं पॉलिश राहिलं तर पापुद्रे निघतात.

खरी मेहनत त्या सफाईतच आहे. घरासमोर रस्त्यावर गाडी धुवायला इथे बहुतेक गावांत बंदी, म्हणून नाणी टाकून चालणाऱ्या धुण्याच्या बॉक्समध्ये गेलो. टायर क्लीनर मारून ताठ ब्रशने घासलं. पहिला फेस कडक चहासारखा, दुसरा दुधाळ चहासारखा, तिसऱ्यालाही पिवळट झाक. चौथ्यांदा पांढरा आला तेव्हा थांबलो. फेस पांढरा येईपर्यंत कोटिंगची बाटली उघडूच नका. मग पूर्ण कोरडं करून, स्पिरिटच्या फडक्याने पुसून, स्पंजने दोन पातळ हात. रात्रभर पाणी लागू दिलं नाही. थंडीत हा उद्योग करू नये, नीट वाळत नाही. आणि रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर ड्रेसिंग असो वा कोटिंग, एक थेंबही नको, ब्रेक मारताना घसराल.

हिवाळी टायरांना मात्र मी आता काहीच लावत नाही. बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठात आणि चिखलात कोण बघतंय!

एक राहिलं. रिमवर असलेली चाकं ठेवताना एकावर एक रचा किंवा टांगा, आणि हवा अर्धा बार जास्त भरा. नुसते टायर असतील तर उभे ठेवा आणि महिन्याभराने थोडे फिरवा. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलीमीटर चालते, पण हिवाळी टायर ४ च्या खाली गेले तर ठेवायचे पैसेही वाया घालवू नका. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकणाची खूण आहे ना तेही बघा. ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं हिवाळी टायर म्हणून धरत नाहीत. चाकं बदलल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट परत आवळून घ्या. हो, आणि नंबरप्लेट बदलली तर वर्कशॉपला त्याच दिवशी कळवा. चारही टायरांचे डॉट आकडे पावतीच्या मागे लिहा, रिमच्या आतल्या बाजूला पेंट-पेनने आपली खूण करा, आणि लेबल टायरला न चिकटवता रिमला बांधायला सांगा. मी सांगितलं होतं, नियमात बसत नाही म्हणाले.

यंदा एप्रिलमध्ये हिवाळी चाकं द्यायला गेलो तर काउंटरवर तेच गृहस्थ. काही न बोलता बाहेर आले, पहिल्या टायरच्या कडेवरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरून बघितलं आणि मगच लेबलाचा कागद सोलला.