शाळेची तिसरी खेप

मंगळवार, रात्री साडेदहा

आम्हा कारखानदारांच्या असोसिएशनच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं, प्रत्येकानं महिन्यातली एक दुपार एका हायस्कूलला द्यायची. मी हात वर केला आणि अडकलो. जुलैत पहिल्यांदा गेलो तेव्हा लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि व्हॉट्सॲपवरून उचललेली यशाची सूत्रं बरोबर होती. दहावीची पोरं पंधरा मिनिटांत पेंगली. मीही पेंगलो असतो. दुसरी खेप बरी म्हणायची, कारण वीजच नव्हती.

आज माझ्या फाउंड्रीच्या मशीन शॉपमधून दोन व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्ट्या, आणि पंपाच्या बॉडीची तीन रिजेक्ट कास्टिंग्ज (ओतीव भाग) पोत्यात घालून नेली. एकाला ब्लोहोल, म्हणजे धातूत राहिलेलं पोकळ भोक, होतं. "हे भंगारात का गेलं?" एवढंच विचारलं आणि गप्प बसलो. मागच्या बाकावरून आवाज आला, "वाळू वली असंल." त्याचे वडील इथंच शिरोलीत मोल्डर आहेत, ओतकामाचे वाळूचे साचे करतात. ओल्या वाळूची वाफ धातूत अडकते, हे मला सांगायची वेळच आली नाही. व्हर्नियर फिरायला लागल्यावर तर बाकं रिकामी झाली, ०.०२ मिलिमीटरवरून भांडणं. विज्ञानाच्या बाई हळूच म्हणाल्या, शाळेचाही एक आहे, कपाटात. किल्ली निवृत्त झालेल्या सरांकडं राहिली.

मधल्या सुट्टीत बाईंनी चहा पाजला आणि खरं काय ते सांगितलं. भाषणं द्यायला पुष्कळ येतात. २०१६ मध्ये बोर्डानं दहावीसाठी कल चाचणी सुरू केली, सात क्षेत्रांपैकी कल कुठं ते कळायचं. "आमच्याकडं बऱ्याच जणांचा गणवेशधारी सेवेकडं निघाला," बाई हसल्या. पहाटे रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं बघितली की दुसरं काय निघणार? पण कल कळल्यावर कुठं जायचं, फी किती, एसटी कुठली, हे त्या कागदावर नसायचं.

निकालानंतर पोरं आयटीआयचा ऑनलाइन फॉर्म भरायला नेट कॅफेत जातात. तिथं बसलेला मुलगा विचारतो, "कुठला ट्रेड टाकू?" आणि मागं रांग असते म्हणून स्वतःच टाकतो. म्हणजे आमच्या भागातला खरा करिअर सल्लागार तोच. मी आणि माझी सूत्रं नव्हे. वेल्डर एक वर्षाचा, फिटर-टर्नर दोन वर्षांचे, आणि दोन वर्षांचा आयटीआय करून थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे वर्गात विचारलं तर दोनच हात वर. जूनमध्ये ते फॉर्मचे दिवस मी शाळेत बसेन, असं बाईंना सांगून आलो. ऑर्डरींचं काय होईल ते होईल.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली शिकायचं म्हटलंय. वितळलेल्या लोखंडाजवळ बारा वर्षांची पोरं मी येऊ देणार नाही. पण साच्यासाठीचे नमुने बनवतात ते पॅटर्न शॉप आणि तपासणीचं टेबल दाखवायला कुणाची हरकत आहे?

हे सगळं ठीक. निघताना दोन वेण्यांतली एक मुलगी आडवी आली. माप सगळ्यांत अचूक तिचंच आलं होतं.

"सर, सीएनसी मशीनवर मुली घेता?"

"घेतो की."

"किती हायत?"

"अजून एकही नाही."

"मग बाथरूम असंल का?"

बाकीच्या मुली हसल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. गडबडीत "आहे, आहे" म्हणालो. आहे म्हणजे, ऑफिसात एक आहे आणि त्याची किल्ली माझ्या केबिनमध्ये असते. अकाउंट्सच्या मॅडम इतकी वर्षं माझ्या टेबलापाशी येऊन ती मागतात, आणि मी फोनवर बोलता बोलता ती पुढं सरकवतो. शॉप फ्लोअरवर चार मुली आल्या तर? मला कामगार मिळत नाहीत म्हणून दर मीटिंगला रडतो मी.

संध्याकाळी गवंड्याला फोन केला. पॅटर्न शॉपमागं जागा आहे, पण ड्रेनेजची लाइन लांब पडेल म्हणतो. उद्या नऊला माप घ्यायला येतोय.