आईबाबांनी सोडलं कसं?

“पण त्यांच्या आईबाबांनी त्यांना जाऊ कसं दिलं?”

रात्री लेकीला प्रेद्राग पाशिचची गोष्ट सांगत होते. १९८२चा वर्ल्डकप खेळलेला, १९८५ला एफके सारायेवो क्लबबरोबर युगोस्लाव्हियाची लीग जिंकलेला फुटबॉल खेळाडू. १९९३मध्ये, बोस्नियाच्या युद्धात राजधानी सारायेवोला वेढा पडलेला असताना, त्याने तिथे मुलांसाठी फुटबॉल शाळा काढली. नाव ‘बुबामारा’. म्हणजे लेडीबर्ड, ती लाल पाठीवर काळे ठिपकेवाली!

सर्ब, क्रोएट, बोस्नियाक, युद्धात एकमेकांशी लढणाऱ्या सगळ्यांची मुलं एकाच संघात. बाहेर स्नायपर.

मला आपलं पाशिचच्या धाडसाचं कौतुक. पोरीने थेट आयांवर बोट ठेवलं.

मुलाच्या बुटांची नाडी बांधून दार उघडताना काय वाटलं असेल त्यांना?

मी सोडलं असतं?