काडेपेटीतलं नारिंगी

जानेवारीतल्या सकाळी नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर आमचे शेजारचे काका जमिनीवर पालथे दिसले की नवीन फिरायला येणारे हमखास धावत येतात, "काका, चक्कर आली का? पाणी देऊ?" आणि काका तोंड वर न करता म्हणतात, "काही नाही रे बाप्पा, बुरशी पाहून राह्यलो." यावर समोरचा काय बोलणार, मफलर नीट करतो आणि निघतो. मी बाजूला त्यांची पिशवी धरून उभा, ओळख नसल्यासारखा.

आपल्याकडे बुरशी म्हणजे पावसाळा. झाडीपट्टीतून वारुळावरच्या सात्या, म्हणजे खायच्या अळिंबीच्या छत्र्या, बाजारात येतात, भाव ऐकून मटण स्वस्त वाटतं, संपला सीझन. तिकडे इंग्लंडात मात्र हौशी लोक ऐन थंडीतही निघतात, वेल्वेट शँक नावाची चिकट नारिंगी छत्री बर्फातसुद्धा मेलेल्या लाकडावर उभी असते (मॉलमध्ये पाकिटात शेवयांसारखी पांढरी एनोकी मिळते ना, ती हिचीच चुलत बहीण). नागपूरची थंडी कोरडी, माणसाचे ओठ फुटतात तिथे छत्री कुठून उगवणार? पण लाकडावरची चिवट मंडळी टिकून असतात, गवत वाळल्यामुळे ओंडका उघडा पडतो आणि डासही कमी, म्हणून काकांचा सीझन डिसेंबरपासून सुरू.

मागच्या वर्षी कॉलनीच्या बागेत तोडलेल्या आंब्याच्या फांदीवर काळे गोळे सापडले, जळक्या कोळशासारखे. कापला तर आत कांद्यासारखी वर्तुळं. डाल्डिनिया नावाची बुरशी! मी लगेच म्हटलं, रेअर असेल! काकांनी कुठूनतरी पोटॅशियम हायड्रॉक्साइड पैदा केलं, चिमूटभर चुऱ्यावर दोन थेंब टाकले आणि पाणी जांभळं झालं. झालं, काकांचा चेहरा उतरला. जांभळा म्हणजे बहुतेक एशोल्टझी, डाल्डिनियाची उष्ण भागात ढिगाने मिळणारी जात. त्या दिवशी तर्री पोहे मी खाऊ घातले.

माझी लाडकी मात्र दुसरीच आहे, स्किझोफायलम. नखाएवढा करडा पंखा, वरून लोकरीसारखा, आणि खालच्या पाती उभ्या मधोमध चिरलेल्या, जणू कोणी ब्लेड फिरवलं. कोरडं पडलं की चिरलेली दोन्ही टोकं आत वळतात, बीजाणूंची बाजू झाकून घेतात. मी एक सुकलेला पंखा वाटीत पाण्यात टाकला, थोड्या वेळाने पाहतो तर मिटलेल्या पाती उघडून बसल्या होत्या. जगभर सापडते, मणिपुरात लोक आवडीने खातात, आणि हिच्यात जोडी जमण्याचे 23 हजारांहून जास्त प्रकार आहेत म्हणे. आमच्याकडे एका मुलाचं जमवताना नाडी आणि गोत्र दोनच पाहतात तरी दोन वर्षं जातात.

तर हे असं. दुर्मिळ शोधायला निघायचं आणि घरी घेऊन यायचं जगातलं सगळ्यात कॉमन. मी एकदा वैतागून म्हटलं, काका, आपल्याला कधी दुर्मिळ मिळणारच नाही. ते म्हणाले, "अरे, दुर्मिळ म्हणायला आधी कोणीतरी मोजलं पाहिजे ना. इथे मोजतं कोण?" जगात नावं मिळालेल्या बुरश्या दीड लाखाच्या आसपास, अंदाज मात्र 22 ते 38 लाखांचा, म्हणजे बहुतेकींचं बारसंच व्हायचंय.

गेल्या आठवड्यात पंपाच्या गळक्या पाइपाशेजारी, ओल्या ओंडक्याच्या फटीत, मोहरीएवढं नारिंगी काहीतरी दिसलं. दहापट भिंगाखाली बारीक वाटी, काठाला केसांसारखी झालर. काका बराच वेळ गप्प. मग त्यांनी रिकामी काडेपेटी काढली, सालीसकट तुकडा आत ठेवला, वर पेनाने तारीख टाकली आणि नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. "उद्या मायक्रोस्कोपखाली पाहू, तोवर तुझ्याकडे राहू दे, माझ्या घरी मोलकरीण टाकून देते."

मी जपून देवघराच्या फळीवर ठेवली. सकाळी आईची हाक, "अरे, या काडेपेटीत काड्याच नाहीत, कसला कचरा भरलाय?" आणि तिने ती हातावर उलटी करून झटकली. तेव्हापासून मी फरशीवर पालथा, मोबाइलचा टॉर्च लावून, आणि आई वरून विचारतेय, "चक्कर आली का रे?"