कल्याणच्या पुढे घर घेताना

अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ या पट्ट्यात घर घेऊ पाहणारे नातेवाईक आणि ओळखीचे लोक मला वरचेवर विचारतात, की तिकडे राहायला कसे आहे. मी बरीच वर्षे बदलापुरात राहते आणि मला हे गाव मनापासून आवडते, हे आधीच सांगून टाकते. तरीही ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असे उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. विचारणाऱ्याला प्रामुख्याने शांतता हवी असते, आणि ती शांतता कशामुळे आहे हे पाहिल्याशिवाय तिच्यासाठी किती मोजावे हे ठरवता येत नाही.

इथली शांतता बहुतांशी अजून न झालेल्या गोष्टींमुळे आहे. इमारतीसमोर मोकळे रान दिसते, कारण तिथल्या प्लॉटवर अजून बांधकाम सुरू झालेले नाही. रस्त्यावर वाहने नसतात, कारण तो रस्ता पुढे कुठे जातच नाही. रात्री दहानंतर आवाज नसतो, कारण त्या वेळी उघडे असलेले औषधांचे दुकान किंवा रिक्षाचा थांबा जवळपास नसतो. या उणिवा भरून निघतील तशी सोय वाढते आणि शांतता कमी होते. आमच्या कात्रप, शिरगाव भागात हे डोळ्यांदेखत घडले. म्हणून गॅलरीतून दिसणाऱ्या चंदेरीच्या डोंगरासाठी जास्त पैसे मोजण्यापूर्वी नगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विकास आराखडा, म्हणजे कुठल्या जमिनीचा वापर कशासाठी ठरला आहे याचा नकाशा, पाहावा. समोरची जमीन रहिवास विभागात असेल तर तिथे आज ना उद्या इमारत उभी राहणारच; ती हरित विभागात असेल तर निदान काही काळ दिलासा आहे. आराखड्यातला नियोजित रस्ता आपल्या कुंपणाला लागून जातो का, हेही तिथेच कळते. विक्री कार्यालयातील चकचकीत नकाशावर या गोष्टी सहसा दाखवलेल्या नसतात.

प्रवासाविषयी सगळेच बोलतात, पण त्याचा हिशेब फार थोडे लोक कागदावर मांडतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर ६८ किलोमीटरवर आणि कर्जत १०० किलोमीटरवर आहे. बदलापूरहून मुंबईला पोहोचायला लोकलचेच सुमारे दीड तास लागतात. घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंत दोन तास धरले, तर जाऊन-येऊन रोजचे चार तास होतात, आणि महिन्यातील कामाचे २२ दिवस धरल्यास ८८ तास; म्हणजे आठ तासांच्या नोकरीचे ११ दिवस दर महिन्याला गाडीत आणि फलाटावर जातात. हे तास घरातल्या कोणाचे जाणार आहेत, हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. नवरा-बायको दोघेही नोकरी करत असतील, तर पहाटे उठून डबे करून गाडी पकडण्याचा भार अजूनही बहुतेक घरांत बाईवर पडतो. परतीच्या गाडीत महिला डब्यात मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या बायका दिसतात, त्या वेळ जात नाही म्हणून तसे करत नाहीत. घरी पोहोचल्यावर त्यासाठी वेळ उरणार नसतो, म्हणून करतात. घर पाहायला कुटुंबातील ज्या व्यक्तीला नेले जाते आणि ज्या व्यक्तीचे दिवस त्यामुळे बदलतात, ती एकच असते असे नाही.

बदलापुरात गाड्या सुटतात, त्यामुळे सकाळी बसायला जागा मिळण्याची शक्यता तरी असते. वांगणी, शेलू, नेरळ इथल्यांना मात्र कर्जत आणि खोपोलीच्या गाड्यांवरच अवलंबून राहावे लागते, आणि एक गाडी चुकली तर पुढच्या गाडीसाठी बराच वेळ थांबावे लागते. घराच्या किमतीत वांगणी आणि बदलापूर यांत जो फरक दिसतो, त्यात ही गोष्ट बरीचशी सामावलेली आहे. शिवाय कल्याणपासून कर्जतच्या दिशेला लोकल, पुण्याकडील लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या वर्षानुवर्षे दोनच मार्गांवर चालत आल्या, त्यामुळे एखादी मालगाडी बंद पडली तरी मागचे सगळे खोळंबते. कल्याण-बदलापूर तिसरी व चौथी मार्गिका २०१९ मध्ये मंजूर झालेल्या प्रकल्पातील आहे आणि पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाची मंजुरी २०१६ च्या अखेरची आहे. ही कामे आवश्यकच आहेत आणि त्यांचा लाभ या भागाला होईल, यात मला शंका नाही. परंतु मंजुरी आणि प्रत्यक्ष गाडी यांच्यात किती वर्षे जातात हे या दोन तारखांवरून दिसते, म्हणून आज चालू असलेल्या वेळापत्रकावर आपले भागते का, एवढेच पाहून निर्णय घ्यावा. जाहिरातीतील ‘लवकरच’ या शब्दासाठी कर्जाचा एकही हप्ता जास्त भरू नये.

नदीविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. उल्हास नदी बदलापूर पश्चिमेकडून वाहते आणि तिच्या काठाचा भाग अतिशय देखणा आहे. त्याच नदीचे पाणी २६ जुलै २००५ रोजी शहरात शिरले, २०१९ च्या जुलैत पुन्हा शिरले. २०१९ मध्ये २७ जुलैला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पाण्यात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते, हे अनेकांना आठवत असेल. हेंद्रेपाडा, रमेशवाडी या भागांतील तळमजल्यावरच्या रहिवाशांसाठी जोराचा पाऊस म्हणजे सामान वर चढवण्याची तयारी. जलसंपदा विभाग नदीच्या दोन पूररेषा आखतो: सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. आपली इमारत त्यांच्या संदर्भात कुठे येते हे खरेदीपूर्वी विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. त्यानंतर इमारतीच्या आवारात उभे राहून शेजारच्या जुन्या चाळीच्या किंवा घराच्या भिंतीकडे नीट पाहावे. पुराच्या पाण्याने ओढलेली मातकट रेघ रंगकामानंतरही कुठेतरी, जिन्याखाली किंवा मीटरच्या पेटीमागे, राहिलेली असते. तीही दिसली नाही तर जवळच्या किराणा दुकानदाराला विचारावे, की २०१९ ला माल कुठल्या फळीपर्यंत भिजला होता. दुकानदार सहसा बोट ठेवून दाखवतो.

ज्या गावाच्या अंगणातून नदी जाते, तिथे पिण्याच्या पाण्याची चिंता नसेल असे वाटते. तसे गृहीत धरू नये. शहरात महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे पाणी येते, पण नव्या, दूरच्या संकुलांपर्यंत ते पुरेशा दाबाने पोहोचतेच असे नाही. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांकडून एप्रिल आणि मे महिन्यांतील टँकरची बिले पाहायला मागावीत, कारण मासिक देखभाल खर्चाचा खरा आकडा तिथे कळतो. विजेचेही तसेच. सातव्या मजल्यावर घर घेताना उद्वाहन (लिफ्ट) आणि पाण्याचा पंप जनरेटरवर चालतात का, की जनरेटर फक्त जिन्यातील दिव्यांपुरता आहे, हे विचारावे. औद्योगिक वसाहतीजवळचे घर असेल तर रात्री उशिरा एकदा जाऊन हवेचा वास घ्यावा. दिवसा तो जाणवत नाही.

जे रोज गाडीने जात नाहीत, त्यांचा दिवस इथे कसा जाईल, याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दादरला किंवा गिरगावात साठ वर्षे काढलेल्या आई-वडिलांना मोकळी हवा मिळेल म्हणून इकडे आणले जाते. पहिल्या महिन्यात त्यांना ती आवडतेही. पुढे लक्षात येते की खाली उतरून चालत जाता येईल असे देऊळ नाही, वाचनालय नाही, ओळखीचा डॉक्टर नाही, आणि दुपारी रिक्षा मिळवायची तर मुख्य रस्त्यापर्यंत उन्हात चालावे लागते. रात्री छातीत दुखू लागले तर बदलापुरातील दवाखान्यांत प्राथमिक उपचार होतात, परंतु मोठ्या उपचारांसाठी उल्हासनगर, कल्याण, डोंबिवली किंवा ठाणे गाठावे लागते, आणि तो रस्ता रात्री किती वेळ घेतो हे एकदा स्वतः गाडी काढून पाहिले पाहिजे. मुलांच्या बाबतीत दहावीपर्यंत अडचण नसते. अकरावीपासून महाविद्यालय आणि शिकवणी यांसाठी त्यांचीही लोकल सुरू होते, म्हणून मूल आज सहा वर्षांचे असेल तर दहा वर्षांनंतरचाही विचार आजच करावा, कारण गृहकर्ज तोवर फिटलेले नसते.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर जाऊन स्वतः तपासावा आणि बांधकाम पूर्ण होण्याची तारीख तिथेच पाहावी. कायद्याप्रमाणे विक्री करारनामा नोंदवण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही, हे विक्री कार्यालयात बसलेले असताना लक्षात ठेवावे. तयार इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला वापरण्याची अधिकृत परवानगी, आहे का, हे पाहावेच; आणि ग्रामपंचायत हद्दीत घर घेत असाल तर घरपट्टीची पावती किंवा नमुना आठचा (ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा) उतारा म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, तेव्हा सातबारा, बिगरशेती आदेश आणि सक्षम प्राधिकरणाची मंजुरी वकिलाला दाखवावी.

एवढे सगळे लिहिल्यावर मी स्वतः इथे का राहते, असे कोणी विचारील. माझे काम मुख्यतः घरून होते आणि आठवड्यातून फार तर दोनदा ठाण्याच्या पलीकडे जावे लागते. जूनच्या पहिल्या सरींनंतर डोंगर हिरवा होतो, संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून काम करता येते, आणि ज्या पैशांत डोंबिवलीत एक खोली अधिक मिळाली नसती त्या पैशांत आम्हा सर्वांना स्वतःची जागा मिळाली. अंबरनाथ किंवा डोंबिवलीच्या कारखान्यांत नोकरी असलेल्यांनाही हे गाव सोयीचे पडते. ज्यांना रोज चर्चगेट किंवा अंधेरी गाठायची आहे आणि घरी लहान मूल आहे, त्यांना मी आधी इथे भाड्याने राहायला सांगते.

तेही जून ते सप्टेंबर या काळात. रविवारी स्थानकावर विक्री कार्यालयाची गाडी घ्यायला येते आणि दहा मिनिटांत संकुलात पोहोचवते, तेव्हा दिसणारे घर आणि जुलैतल्या मंगळवारी रात्री साडेनऊला शेअर रिक्षाच्या रांगेत छत्री धरून उभे राहून गाठायचे घर, ही दोन्ही त्याच पत्त्यावर असतात. लिव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार करावा, शक्य असेल तर ज्या संकुलात घर घ्यायचे आहे तिथेच, आणि घरातल्या प्रत्येकाला चार महिन्यांनी स्वतंत्रपणे विचारावे. त्या भाड्याची रक्कम मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि वीस वर्षांच्या व्याजापुढे फारच लहान असते.